जाणणें आणि मालकी

जगाच्या नकाशावर उत्तर ध्रुवाभोवतीं जो निळा रंग भरलेला असतो, त्याखालीं आपलें ज्ञान थोडें आणि अज्ञानच पुष्कळ झांकलेलें आहे. नान्सेन या नॉर्वेजियन संशोधकानें १८९३ मध्यें आपलें ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फांत अडकवून घेतलें व तीन वर्षें तें प्रवाहाबरोबर वाहूं दिलें. तो समुद्र उथळ असावा अशी तत्कालीन समजूत. बरोबर नेलेली दोरी तळाला पोंचेना, तेव्हां जहाजावरील पोलादी दोर उसवून त्याच्या तारांची नवी दोरी वळावी लागली, आणि तीन हजार मीटरांहूनही अधिक खोली हातीं आली. कीर्तीचा लोभ त्याला नव्हता असें मी म्हणत नाहीं. पण ज्या तळाला ती दोरी टेकली तो आपल्या मालकीचा ठरावा, ही कल्पना त्या उद्योगांत नव्हती.

आज ती आहे. १९८२ च्या समुद्रविषयक करारान्वयें दोनशें सागरी मैलांपलीकडील तळावर हक्क सांगावयाचा, तर तो तळ आपल्याच भूमीचा विस्तार आहे असें मोजमापानें दाखवावें लागतें. १९४८ सालीं सोविएत संशोधकांस सांपडलेल्या लोमोनोसोव्ह पर्वतरांगेवर रशिया, डेन्मार्क व कॅनडा असे तिघेही हक्क सांगतात. २००७ मध्यें तर रशियन बुडी-यानानें ध्रुवाखालच्या तळावर धातूचा ध्वज रोवला! अमेरिकेनें कराराला मान्यता दिलेली नाहीं, तरी २०२३ मध्यें आपल्या मर्यादा जाहीर केल्याच.

मग लोभानें मिळविलेलें ज्ञान हीन मानावें काय? मला तसें वाटत नाहीं. चार हजार मीटरांवरील तळ ध्वनीला पांचएक सेकंदांनीं उत्तर देतो. विचारणारा कोण, हें तो पाहत नाहीं. हेतूनें उत्तर बिघडत नसलें तरी प्रश्न कोठें विचारावयाचा तें मात्र हेतूच ठरवितो, आणि दोष शिरतो तो येथें. जेथें हक्क सांगतां येतो तेथें जहाजें जातात. उरलेला तळ त्याच करारानें अखिल मानवजातीचा समाईक वारसा म्हटला आहे. पण समाईक विहिरींतला गाळ काढावयास कोण उतरतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे.

तरीहि एक गोष्ट माझ्या या तक्रारीच्या आड येते. बर्फ फोडणाऱ्या जहाजाला स्वतःच्याच कोलाहलांत प्रतिध्वनि नीट ऐकूं येत नाहीं. म्हणून २००८ ते २०११ या वर्षीं अमेरिकेचें ‘हीली’ आणि कॅनडाचें ‘लुई एस. सेंट लॉरेंट’ हीं जहाजें बरोबर निघत. एकानें वाट फोडावी, दुसऱ्यानें मागून मोजावें, असा क्रम असे. मिळालेली माहिती दोघांनीं वाटून घेतली. बोफोर्ट समुद्रांतील सरहद्दीविषयींचा या दोन राष्ट्रांचा तंटा त्या वेळीं मिटलेला नव्हता.