खो मिळण्याआधी

चकलीचा पहिला घाणा हसला, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होतो. तेलात सोडलेली चकली सुटी होऊन विरघळू लागली की ती ‘हसली’ असे म्हणतात. ज्यांच्या घरची हसते त्यांना मात्र त्यात हसण्यासारखे काही आढळत नाही. मी तत्परतेने निकाल दिला, “यंदाची भाजणीच बिघडली!”

पत्नीने झारा हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिले. “अहो, मोहन जरा जास्त पडलंय, एवढंच. पहिल्या घाण्यावरून भाजणी कुणी उकिरड्यावर टाकत नसतं. तुमचं त्या खो-खोसारखंच आहे सगळं!”

तिने भिजवलेल्या पिठात मूठभर कोरडी भाजणी मिसळली आणि पुन्हा सोऱ्या हाती घेतला. मी मात्र तिथून हळूच बाहेरच्या खोलीत आलो. तिचा टोला नेमक्या ठिकाणी लागला होता, हे तिला माहीत नव्हते असे नव्हे.

वाचकांना हा टोला समजावा म्हणून थोडी कबुली दिली पाहिजे. मी दहावीवर थांबलेला माणूस. एका लहानशा खासगी शाळेत लहान मुलांना शिकवितो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. आमच्या गावात कॉलेज आहे. पण त्याच्या पायऱ्या विद्यार्थी म्हणून चढण्याचा योग माझ्या नशिबी आला नाही. तो योग मी दुसऱ्या वाटेने साधून घेतला. कॉलेजच्या मैदानाला कुंपण आहे आणि त्या कुंपणाशी एक लिंबाचे झाड आहे. गेली वीस वर्षे त्या झाडाखाली उभा राहून मी कॉलेजच्या मुलींच्या खो-खो संघाचे सामने पाहत आलो आहे. माझ्याबरोबर एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर असतात, एक शिंपी असतो, आणि बाजाराचा दिवस नसला तर एक भाजीवालाही असतो. आम्हां चौघांपैकी कोणीच त्या कॉलेजात शिकलेला नाही. तरी बोलताना आम्ही ‘आपला संघ’ असेच म्हणतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यावर पावसाची मेहेरबानी क्वचितच असते. आणि तो आला तर २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे आला तसा शेतातली मातीही घेऊन जातो. पण खो-खोची मेहेरबानी मात्र या जिल्ह्यावर खरी. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी खो-खोचे सुवर्णपदक जिंकले, त्या संघाची कर्णधार सारिका काळे आमच्या धाराशिवची. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा लिंबाच्या झाडाखाली आम्ही चौघांनी पेढे वाटले. जणू तिला पळायला आम्हीच शिकविले होते! २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरविले. त्या रात्री शिंप्याने दुकान बंद करताना शटर इतक्या जोराने ओढले की शेजारपाजारचे लोक बाहेर आले.

अशा गावातला संघ यंदा हंगामाच्या सुरुवातीलाच अडखळला. विद्यापीठाच्या स्पर्धा सुरू होण्यापूर्वी काही निमंत्रित सामने होतात. त्यांतल्या पहिल्या तिनांपैकी दोन आम्ही हरलो. एक तर डावाने हरलो. आमच्या मुली उठायला उशीर करीत होत्या. खो मिळाला तरी क्षणभर बसूनच राहत, आणि तेवढ्यात समोरची मुलगी खांबाला वळसा घालून निसटून जाई. विशेषतः खांबाजवळच्या घरात बसणारी एक उंच मुलगी. गेल्या वर्षी वीज होती. यंदा जणू तिच्या पायांत कोणी शिसे ओतले होते.

झाडाखाली पंचायत बसली. कंडक्टरसाहेब म्हणाले, “गाडी पहिल्याच स्टॉपला बंद पडली म्हणजे डेपोपर्यंत जात नसती.” शिंपी म्हणाला, “माप घेतानाच चुकलंय.” मी शाळामास्तर, मी म्हणालो, “मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.” रात्री मला झोप आली नाही. कादंबरीचे प्रकरण अर्धे राहिले. दिव्याखाली बसून मी कागदावर नऊ मुलींची नावे मांडीत होतो, खोडीत होतो, आणि त्या उंच मुलीचे नाव दर वेळी खोडले जात होते.

अशा वेळी मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तोच या लेखाचे निमित्त आहे. ज्या गोष्टीत आपला हात नाही, तिची काळजी करण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? आणि ती काळजी प्रेमाची म्हणावी, की मालकीची?

थोर माणसांनी याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. रोमन साम्राज्यात एपिक्टेटस नावाचा, एके काळी गुलाम असलेला तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने जगातल्या गोष्टींची दोनच गाठोडी बांधली: आपल्या हातातल्या आणि आपल्या हाताबाहेरच्या, आणि दुसऱ्या गाठोड्यासाठी जीव जाळू नका असे सांगितले. आपल्याकडे तर गीतेचे सांगणे घराघरांत ठाऊक आहे; अधिकार कर्मावर, फळावर नव्हे. पण झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाची अडचण पाहा. खेळणाऱ्या मुलीजवळ कर्म आहे. तिने फळाची आशा सोडली तरी तिच्यापाशी पळणे उरते. माझ्यापाशी कर्म मुळीच नाही. फळाची आशा सोडली तर मग माझ्याजवळ उरले काय? लिंबाची सावली!

आणि ही वेडाची जात केवळ आमच्या गावची नाही. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या एका शिक्षकाने पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल काढला. आज तिथल्या कॉलेजांचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि त्याचा खरा निकाल मार्च-एप्रिलच्या सुमाराला लागतो. तरी नोव्हेंबरातल्या एका हरलेल्या सामन्यावरून शहाणीसुरती माणसे रात्र रात्र वाद घालतात. त्यांचे झाड कोणते असते कोण जाणे, सावली तीच.

मग काळजीच करू नये काय? हे मला पटत नाही. रात्री उशिरा येणाऱ्या मुलाची आई दारात उभी राहते. तिच्या उभे राहण्याने एस.टी. लवकर येत नाही. तरी जे दार उघडे नसते, त्या घराला कोणी घर म्हणत नाही. ज्याच्यावर आपला हात चालत नाही त्याच्यावर नुसते लक्ष ठेवून राहणे, हेही प्रेमाचेच एक रूप आहे. काळजीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती काळजीच्या पोटी जन्मणाऱ्या निकालाला.

आमचा शेतकरी पाहा. सोयाबीन पेरल्यावर आठ-दहा दिवसांनी तो तासातासांतून फिरतो. कुठे उगवण झालेली नाही, कुठे पाखरांनी दाणे उकरले, हे बघतो. त्याच्याइतकी सुरुवातीची काळजी कोणाला असणार? पण दहा हात जागा मोकळी दिसली म्हणून तो ‘पीक गेले’ असे म्हणत बांधावर बसत नाही. तो नांगे भरतो. जिथे रोप नाही तिथे पुन्हा बी टोकतो. दुबार पेरणीची पाळी आली तर ती वेळही तो ओळखतो. पण डोळ्यांनी पाहून, मातीत बोट घालून. त्याच्या काळजीला हात असतात. माझ्या काळजीला होते फक्त तोंड. आणि ते फार मोठे होते.

ते तोंड घेऊन मी एका सायंकाळी संघाच्या प्रशिक्षकांकडे गेलो. माणूस शांत. माझे सगळे ऐकून घेतले. मी म्हणालो, “त्या खांबावरच्या उंच मुलीला बदला. तिची गती संपली.”

त्यांनी विचारले, “गुरुजी, तुम्ही तिला ओळखलं नाही? तुमच्याच हाताखालून गेलीय ती.” आणि त्यांनी तिला हाक मारली.

ती धावत आली, वाकून नमस्कार केला. चेहरा तेव्हा ओळखीचा वाटला. मी काही बोलण्याआधी तीच हसत म्हणाली, “गुरुजी, तिसरीत असताना तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, ‘मुलगी गुणी आहे, पण हालचाल मंद.’ आईनं ते पुस्तक अजून जपून ठेवलंय. मी सामना जिंकून आले की ती वाचून दाखवती आणि आम्ही समद्या हसतो.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. टोमण्याला उत्तर देता येते.

मी कसेबसे विचारले, “मग यंदा उठायला उशीर का करतेस?”

“उशीर नाही गुरुजी. बसायला शिकतेय,” ती म्हणाली. “उठायला मला येतंच. गेल्या साली शेवटच्या सामन्यात मी खो मिळायच्या आधीच उठले. एकदा नाही, तीनदा. पंचांनी फाऊल दिला. तीनही वेळा हाताशी आलेला गडी सुटला. म्हणून सर म्हणले, यंदा सुरुवातीचे सामने हरलो तरी चालंल, पण खो कानावर पडल्याबिगर उठायचं नाही.”

घरी येताना मी त्या खेळाचा पहिल्यांदाच विचार केला, असे म्हणावे लागेल. वीस वर्षे पाहत होतो, पण विचार केला नव्हता. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधायला घेतले, तेव्हा त्या मंडळींच्या मनात काही तत्त्वज्ञान होते की नाही हे सांगता येणार नाही. नियमांत मात्र ते उतरले आहे. पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी दोन खांबांमध्ये ओळीने बसतात. एकीचे तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. धावणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. पलीकडे जायचे असेल तर एकच उपाय: बसलेलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचे आणि आपली धाव तिच्या स्वाधीन करायची. बसलेलीच्या पाठीमागे काय चालले आहे ते तिला दिसत नाही. गडी कुठे आहे, वेळ किती उरला आहे, काहीच नाही. तिने उतावीळ होऊन आधी उठायचे नाही, आणि खो पडल्यावर बसून राहायचे नाही. सगळा खेळ त्या एका निमिषावर उभा आहे.

आणि आम्ही झाडाखालचे चौघे? आम्हांला कोणीच खो देत नाही; कधी देणारही नाही. तरी प्रत्येक सामन्यात आम्ही शंभरदा उठतो. निकाल देण्याची घाई म्हणजे दुसरे काय? खो मिळण्याआधीच उठणे. मैदानात त्याला पंच शिट्टी वाजवितो. कुंपणाबाहेर पंच नसतो, म्हणून आमचे फाऊल मोजले जात नाहीत, एवढेच.

माझे मोजले गेले नाहीत असे तरी कसे म्हणू? एक फाऊल एका घरात ट्रंकेत जपून ठेवलेला आहे. त्या मुलीच्या आईला तो हसण्याजोगा वाटला, हे माझे भाग्य. पण इतक्या वर्षांत माझ्या हातून किती प्रगतिपुस्तके गेली! वर्गात साठ मुले. पहिली चाचणी होते न होते तोच मी शेरे लिहून मोकळा होतो. ‘हुशार’, ‘साधारण’, ‘लक्ष नाही’. सगळ्याच मुलांना विश्वचषकाच्या गावात जन्म लाभतो असे नाही, सगळ्यांनाच संयमी प्रशिक्षक मिळत नाही. एखाद्याने माझा ‘साधारण’ हा शब्द खरा मानला असेल, आणि तो आजही कुठे तरी पाठ करून बसला असेल. खो पडला तरी न उठता. खो-खोच्या संघाविषयीची माझी चूक एका चहावर विसरून जाईल. ही दुसरी चूक विसरण्याचा अधिकार मला नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसत असतील. पण ते पाहायला पाळण्याजवळ बसावे लागते, आणि बराच वेळ बसावे लागते. म्हणीचा हा अर्धा भाग मी आजवर सोडूनच देत आलो होतो.

आता कोणी विचारील, समजा हे सगळे खरे, पण संघ पुढेही हरलाच तर? हरू शकेल. बसायला शिकलेली माणसे नेहमी जिंकतातच, असा नियम कोणत्याही खेळात नाही. प्रशिक्षकांचा हिशेब चुकलेला असू शकेल, समोरच्या संघात एखादी दुसरी सारिका असू शकेल. तेव्हा मला दुःख होईल आणि ते मी करीन. पण ते दुःख सामना संपल्यानंतरचे असेल. माझा हक्क तेवढाच आहे. आणि आता नीट पाहिले तर तो थोडा नाही.

यंदा चाचणीचे शेरे मी अजून लिहिलेले नाहीत. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारले. मी म्हणालो, दिवाळीनंतर देतो. आधी मुलांच्या शेजारी जरा बसून पाहतो. त्यांना ते फारसे रुचले नाही.

विद्यापीठाची स्पर्धाही दिवाळीनंतरच आहे. आम्ही चौघे जाणार आहोत. पत्नीने मुलींसाठी डबा भरून ठेवला आहे. दुसऱ्या घाण्यापासून पुढच्या चकल्या, काटेदार, खुसखुशीत, एकही न मोडलेली. पहिल्या घाण्याचा चुरा तिने माझ्यापुढे ठेवला. लिहिता लिहिता मी तोच खातो आहे. चवीला वाईट नाही.