क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ : एकीकृत भौतिकी व अध्यात्म

विज्ञानयुगातील श्रद्धावान मनुष्यापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. सर्व चराचर एकाच तत्त्वातून प्रकट झाले, असे उपनिषदे सांगतात. आणि सृष्टीतील सर्व बलांचे मूळ एकच असावे, असा आधुनिक भौतिकशास्त्राचाही कयास आहे. मग विज्ञानाने अद्वैत सिद्ध केले, असे म्हणावयास काय हरकत आहे? प्रवचनांतून हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की, ऐकणाराही ते तितक्याच सहजतेने घरी घेऊन जातो.

भौतिकशास्त्रातील एकीकरण म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. वीज आणि चुंबकत्व ही एकाच बलाची दोन रूपे आहेत, हे मॅक्सवेल यांनी १८६५ च्या सुमारास समीकरणांनी दाखविले. गुरुत्वाकर्षणही त्याच सूत्रात ओवण्यासाठी आइन्स्टाइन यांनी आयुष्याची अखेरची सुमारे तीस वर्षे वेचली; १९५५ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ते कार्य अपुरेच होते. पुढे ग्लॅशो, अब्दुस सलाम व वाइनबर्ग यांनी विद्युत्-चुंबकीय बल आणि अणुकेंद्रातील क्षीण बल यांचे ऐक्य मांडले. त्यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले व त्यांच्या सिद्धांताने वर्तविलेले कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत सापडले. चारही बलांना कवेत घेणारा आणि प्रयोगाने सिद्ध झालेला सिद्धांत मात्र आजही हाती नाही. जे अद्याप सिद्ध नाही, त्याच्या आधारे दुसरे काही सिद्ध कसे व्हावे?

तरीही तसा प्रयत्न झाला. महर्षी महेश योगी यांनी एकीकृत क्षेत्र म्हणजेच शुद्ध चैतन्य, असे प्रतिपादन केले आणि जॉन हागेलिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने त्यास शास्त्रीय भाषा दिली. हागेलिन यांचे १९८० च्या दशकातील मूलकणांविषयीचे संशोधन सन्मान्य होते. प्रश्न त्यापुढील उडीचा आहे. १९९३ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन शहरात सुमारे चार हजार ध्यानसाधक एकत्र आले आणि त्यामुळे हिंसक गुन्हे घटले, असे जाहीर करण्यात आले. ही घट प्रत्यक्षात एका अपेक्षित आकड्याच्या तुलनेतील होती, आणि तो आकडाच टीकाकारांना मान्य नव्हता. ध्यानाने चित्त शांत होते, हा साधकाचा अनुभव खोटा ठरविण्याचे कारण नाही. परंतु त्या अनुभवास मूलकणांच्या समीकरणाचा आधार आहे, असे दाखविणारे कोणतेही मोजमाप उपलब्ध नाही.

विज्ञानाची कसोटी किती निष्ठुर असते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९७४ मध्ये मांडल्या गेलेल्या एका महाएकीकरण सिद्धांतानुसार प्रोटॉन हा कण चिरंतन नाही, तो कधी तरी क्षय पावला पाहिजे. तो क्षय टिपण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर उपकरणे मांडली. काही घटना संशयास्पद वाटल्या, पण पुष्टी मिळाली नाही. पुढे जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगात १९९६ पासून पन्नास हजार टन पाण्यावर पाळत ठेवूनही हा क्षय दिसलेला नाही. परिणामी तो मूळ, देखणा सिद्धांत जसाच्या तसा मांडणे भौतिकशास्त्राने सोडून दिले. उद्या अद्वैताचा आधार म्हणून असाच एखादा सिद्धांत भाविकांपुढे ठेवला आणि परवा तो टाकून द्यावा लागला, तर श्रद्धेचे काय करावयाचे?

येथे मराठी भाषाही थोडी फसवते. ‘क्षेत्र’ हा शब्द भौतिकीत अवकाशात पसरलेल्या, मोजता येणाऱ्या राशीसाठी योजतात. यात्रेकरूस तो तीर्थक्षेत्र म्हणून परिचित आहे. आणि गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र म्हणजे जाणले जाणारे सर्व काही : पंचमहाभूते, इंद्रिये, मन, बुद्धी, अहंकारदेखील. त्यास जाणणारा तो क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वर माउलींनी या अध्यायाचा केवढा विस्तार केला आहे, हे ज्ञानेश्वरीच्या वाचकास ठाऊक आहे. या विवेकाने पाहिले, तर चारही बलांचे एकीकृत क्षेत्र उद्या सापडले तरी ते जाणले जाणाऱ्याच्याच बाजूला पडेल. त्यास चैतन्य म्हणणे भौतिकशास्त्रास तर मान्य होणार नाहीच, गीतेच्या विचारासही ते धरून नाही.

आद्य शंकराचार्यांनी ही मर्यादा फार पूर्वी आखली होती. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले, तरी ते प्रमाण होणार नाही, असे त्यांनी गीताभाष्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षाचा प्रांत प्रत्यक्षाचा, श्रुतीचा प्रांत श्रुतीचा. ब्रह्म हा इंद्रियांचा विषय नसल्याने, त्याचा पुरावा उपकरणांत शोधणे त्यांनाही अप्रस्तुतच वाटले असते.

सर्नच्या प्रांगणात भारत सरकारने भेट दिलेली नटराजाची मूर्ती २००४ पासून उभी आहे. ती पाहून भारतीय मनास धन्यता वाटते, आणि ती वाटावीही. मात्र ती भेट आहे, प्रमाणपत्र नव्हे. ज्या सिद्धांताची पुष्टी तेथे झाली, त्याच्या जनकांपैकी सलाम हे निष्ठावान मुस्लिम होते, तर वाइनबर्ग उघडपणे निरीश्वरवादी. दोघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच सिद्धांतापर्यंत पोहोचले, आणि आपापली श्रद्धा वा अश्रद्धा घेऊन शेवटपर्यंत जगले.