मातीचे नाते

“मनुष्य व वानर एका पूर्वजापासून झाले, असे शाळेत शिकवितात, मग देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा केला, हे खोटे काय?” असा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील तरुण आपल्या उपदेशकांस करितात. त्यांस गप्प बसविणे हे विश्वासाचे नव्हे, भीतीचे लक्षण होय.

डार्विन ह्यांनी मनुष्याविषयीचे हे मत १८७१ साली ग्रंथरूपाने मांडिले. पुढे २००५ साली मनुष्य व चिंपांझी ह्यांच्या पेशींतील आनुवंशिक लेख ताडून पाहिले, तेव्हा जुळणाऱ्या भागांत शंभर अक्षरांमागे सुमारे एकच अक्षर निराळे आढळले. ह्याहून बोलका पुरावा एका दोषाचा आहे. गाय, शेळी, कुत्रा ह्यांची शरीरे ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करितात. आपणांस ते आवळा, पेरू, लिंबू ह्यांतून घ्यावे लागते, कारण ते बनविणारे जनुक आपल्यात मोडलेले आहे. चिंपांझीतही तेच जनुक तसेच मोडलेले आहे. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चूक सापडली, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असे आपण म्हणतो.

मग आपला मान गेला काय? उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्य मातीचा घडविला आहे, आणि पशूही मातीचेच. माती म्हणवून घेण्यास आपण कधी लाजलो नाही. कुंभार भांडे त्वरेने घडवो की सावकाश, भांडे कुंभाराचेच. मानवी जनुकलेखाचे काम २००३ साली पुरे झाले. त्याचे पुढारी फ्रान्सिस कॉलिन्स हे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे आहेत.

बंधूंनो, आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांस जन्मावरून नीच ठरवून पाणवठ्यापासून दूर ठेविले होते. कूळ थोर म्हणून मनुष्य थोर, ह्या मताचा जाच आपण सोसला आहे. तेच मत आपण आता देवाच्या नावाने कसे मांडावे? प्रभूने आपणांस कूळ पाहून बोलाविले नाही. त्याचे प्रतिरूप हाडामांसात नाही. त्याने हाक मारावी व मनुष्याने ओ द्यावी, बऱ्यावाइटाचा जाब द्यावा, ह्यात ते आहे. हा जाब बैल देत नाही, आपण देतो.

तर बैलाविषयीही जाब द्यावा लागेल. देवाने नोहाशी करार केला, तो सर्व जिवंत प्राण्यांशीही केला. निनवेची दया करिताना त्याने तेथील गुराढोरांचीही आठवण ठेविली. मानेवर जखम असता ज्याच्यावर जू ठेवितो, तो परका नव्हे. हे नाते ओळखल्याने आपण लहान होत नाही. आपली जबाबदारी मात्र मोठी होते.