शाळा पाहायला जाशील तेव्हा

चि. ताईस,


तुमची बदली मंगळवेढ्याला झाली आणि जूनमध्ये तुझी लेक पहिलीत जाणार, हे तुझ्या पत्रातून कळलं. नगरपरिषदेची, वस्तीवरची जिल्हा परिषदेची की संस्थेची अनुदानित, यांतली कुठली शाळा घ्यावी, असं विचारलंस. माझं आयुष्य याच शाळांत गेलं, आधी शिक्षक आणि मग केंद्रप्रमुख म्हणून. त्यामुळे तुम्ही पोरीला यांतल्याच एका शाळेत घालणार, याचा फार आनंद झाला. इथे बसून नाव सुचवणार नाही. शाळा कशी पाहायची, तेवढं सांगतो.

उन्हाळी सुटी लागायच्या आत जा. सुटीत गेलीस तर नुसत्या भिंती दिसतील, आणि रंगवलेल्या भिंती हल्ली सगळीकडे असतात. शिष्यवृत्तीधारकांच्या फलकाचंही फार मनावर घेऊ नको. त्या मुलांचं कौतुक आहेच, पण बऱ्याच ठिकाणी हुशार मुलं निवडून त्यांचे जादा तास घेतलेले असतात. उरलेल्या वर्गाचं काय झालं, हे फलक सांगत नाही.

मुख्याध्यापकांची परवानगी काढ आणि तिसरीच्या वर्गात तासभर बस. तिसरीच का? दुसरी संपेपर्यंत मूल वाचायला लागलं नाही, तर पुढची सगळी पुस्तकं त्याच्या डोक्यावरून जातात, आणि ते गुपचूप मागे पडत राहतं. ‘प्रथम’ संस्था 2005 पासून ‘असर’ पाहणी करते. तिची माणसं खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात, आणि पाचवीतली कितीतरी मुलं तिथेच अडखळतात. त्यांत सरकारी शाळांतली असतात, तशी खासगी शाळांतलीही असतात. म्हणून वर्गात बसल्यावर पुढे हात वर करणाऱ्यांकडे पाहू नको. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाकडे पाहा. गुरुजी किंवा बाई त्याच्यापाशी जातात का? त्याला काय येतं आणि कुठे अडतं, हे त्यांना ठाऊक आहे का? मधल्या सुटीत त्यांना सरळ विचार, ‘मागे पडलेल्या मुलांचं काय करता?’ ‘हिला जोडाक्षरं अडतात, त्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही’ असं मूलवार उत्तर आलं, तर ती शाळा धर. ‘आईबाप अडाणी आहेत, घरी कोण घेणार अभ्यास?’ असं आलं, तर इमारत कितीही देखणी असो, तिथून उठ. घरी अभ्यास घेणारं कोणी नसलेल्या मुलाला शिकवायलाच तर आपली शाळा आहे. आज ना उद्या तुझी लेकही एखाद्या विषयात अडेल, तेव्हा शिक्षकांची एकेका मुलाकडे पाहण्याची हीच सवय तिच्या कामी येईल.

मग शिक्षकांचं पाहा. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि साठपर्यंत पट असेल तर दोन. म्हणजे वस्तीवरच्या शाळेत दोघंजण चारही वर्ग सांभाळत असतील. त्याला घाबरू नको. हाताशी चांगला शिक्षक असेल, तर पहिलीतलं पोर दुसरीचा धडा कानावर पडूनच अर्धा शिकतं. रिक्त पद मात्र वाईट, म्हणून किती पदं भरली आहेत ते विचार. निवडणुकीच्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामात किती दिवस जातात, तेही विचार. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, पद जातं, पद गेलं की आणखी पालक मुलं काढतात. चांगल्या शाळा अशाच बंद पडताना पाहिल्या आहेत, आणि ते दुःख अजून जात नाही.

बदल्यांचाही फरक आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक जिल्ह्यात कुठेही जाऊ शकतो. नगरपरिषदेचा बहुधा गावातल्याच शाळांत फिरतो आणि संस्थेचा संस्थेत राहतो. तुमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. एका माणसाने शाळेचं किती होतं, ते त्यात दिसतं. पण एकाच गुरुजींच्या नावावर प्रवेश घेऊ नको. दुसरे कोण आहेत, तेही पाहा.

जेवणाच्या वेळी थांब. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ असतो. भात नीट शिजलाय का, शिक्षक आधी चव घेतात का, सगळी मुलं एका पंगतीत बसतात का, हे पाहा. मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन ये. पाणी आहे का, आतून कडी लागते का?

सेमी इंग्रजीवरून पहिलीचा निर्णय करू नको. घरी मराठी आहे, वाचन मराठीत पक्कं होऊ दे. त्यापेक्षा चौथीनंतर मुलं कुठे जातात, ते विचार. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा चौथीलाच संपतात.

शेवटचं, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त मागून बघ. तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. सभा खरोखर होतात की नुसत्या सह्याच घेतल्या जातात, हे वही उघडली की कळतं. कुठलीही शाळा घेतलीस तरी त्या समितीत तू जा. शिकलेले पालक या शाळांतून बाहेर पडले तेव्हापासून प्रश्न विचारणारं कोणी उरलं नाही, आणि पदं रिकामी राहिली तरी ओरड झाली नाही. तू ओरड कर.

तिन्ही शाळा पाहून झाल्या की तिसरीच्या वर्गांत काय दिसलं ते सविस्तर लिही. मग नावाचं बोलू.

तुझा,
काका