हौशी उड्डाण, जल्पक आणि नावाचा प्रश्न

पॅराग्लायडिंगच्या अपघाताची बातमी आणि त्याचे भ्रमणध्वनीवर टिपलेले चित्रण हल्ली बरोबरीनेच पसरतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मृत किंवा जखमी माणसाची टवाळीही येते. कोणी सांगितले होते उडायला, पैसा उतू चालला की असेच व्हायचे, या थाटाची वाक्ये अनोळखी माणसाच्या मृत्यूखाली लिहून जाणाऱ्यांना ट्रोल म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत त्यांच्यासाठी जल्पक हा शब्दही वापरला जातो. या टवाळीविषयी होणारी चर्चा मात्र टवाळीहून फारशी खोल जात नाही. ती दरवेळी एकाच उपायापाशी येऊन थांबते, आणि तो उपाय म्हणजे समाजमाध्यमांवर प्रत्येकाला खऱ्या, पडताळलेल्या नावानेच लिहायला लावणे. नाव उघडे पडले की जीभ आवरेल, असे त्यामागचे गृहीतक आहे. सुशिक्षितांना हे इतके उघड वाटते की त्याची तपासणी करण्याची गरजही कोणाला भासत नाही. हौशी उड्डाणाच्या क्षेत्रात ही तपासणी करून पाहिली, तर हे गृहीतक अपुरेच नव्हे तर काही बाबतींत घातकही ठरते.

वेतनासाठी किंवा प्रवासी व माल नेण्यासाठी न केलेले, केवळ उडण्यासाठी केलेले उड्डाण म्हणजे हौशी उड्डाण. त्याच्या आनंदाचे वर्णन करताना पक्ष्यासारखे मोकळे वाटणे, पायाखाली जग लहान होणे असे शब्द वापरले जातात. ते प्रशिक्षकाच्या पुढे बसून पंधरा मिनिटे फिरून आलेल्या पर्यटकाच्या बाबतीत खरेही असतील, पण स्वतः उडणाऱ्याचा आनंद निराळ्या जातीचा असतो. कामशेतच्या डोंगरउतारांवरून, पवना जलाशयाच्या आसपास, पावसाळा सरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत जे पॅराग्लायडर उडतात त्यांना इंजिन नसते. तो कापडी पंख स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने खाली येतच असतो, आणि वर राहायचे तर त्याहून अधिक गतीने वर चढणारी हवा शोधावी लागते. ती दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे वारा डोंगराला आडवा येऊन उताराच्या अंगाने वर वळतो तेथे, आणि दुसरी थर्मलमध्ये, म्हणजे उन्हाने तापलेल्या जमिनीवरून सुटून वर जाणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभात. हा स्तंभ दिसत नाही. पंख न हलवता घिरट्या घालत चढणारी घार, माथ्यावर नुकता धरू लागलेला कापशी ढग, उतारावरच्या गवताचा बदललेला कल, व्हेरिओ या चढ-उतार सांगणाऱ्या उपकरणाचा वाढता स्वर, एवढ्या खुणांवरून तो ताडावा लागतो, आणि ताडल्यावर त्याच्या आत राहील अशा बेताने वळत राहावे लागते, कारण त्याच्या कडेला बहुधा खाली ओढणारी हवा असते. अंदाज बांधणे, तो चुकणे आणि चूक हवेने तत्क्षणी दाखवून देणे, या क्रमात मनाचे जे संपूर्ण गुंतणे घडते तेच या छंदाचे सुख आहे. हवा कोणाची भीड ठेवत नाही आणि कोणाचा अपमानही करत नाही. आपल्या चुकीविषयी इतके निखळ उत्तर देणारा दुसरा श्रोता शोधून सापडणे कठीण.

परंतु स्वतःच्याच चुकांतून सारे शिकायचे ठरवले तर एक आयुष्य पुरणार नाही, आणि येथे ते लवकर संपण्याचीही शक्यता असते. म्हणून उड्डाणाची विद्या प्रारंभापासून सांगण्या-ऐकण्यावर वाढली आहे. ओटो लिलिएन्थालने 1891 पासून जर्मनीतल्या टेकड्यांवरून केलेली दोन हजारांच्या घरातली उड्डाणे, 1896 मधला त्याचा अपघाती मृत्यू आणि त्याच्या आकडेवारीवरून राइट बंधूंनी केलेली सुरुवात हा इतिहास परिचित आहे. जुहूला 1928 मध्ये सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब किंवा पुण्यातले हडपसरचे ग्लायडिंग केंद्र यांचे कार्यही या परंपरेतलेच. त्यातला एकच धागा येथे प्रस्तुत आहे. व्यावसायिक विमानात झालेली चूक ध्वनिमुद्रणात, उड्डाणाच्या नोंदीत आणि सहवैमानिकाच्या स्मरणात शिल्लक राहते. हौशी उडणाऱ्याच्या पंखाची एक बाजू हवेत मिटली, जमीन जवळ येत असताना ती पुन्हा भरली आणि तो सुखरूप उतरून पंखाची घडी घालू लागला, तर काय घडले हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक असते. त्याने ते सांगितले नाही, तर त्याच उतारावर, तशाच वाऱ्यात, दुसऱ्या दिवशी उडणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

जल्पकाचा खरा बळी म्हणूनच चित्रणातला मृत माणूस नसतो. त्याच्यापर्यंत टवाळी पोहोचतच नाही. ती पोहोचते सुखरूप उतरून पंखाची घडी घालत असलेल्या त्या दुसऱ्यापर्यंत, आणि आपला प्रसंग सांगितला तर आपलेही असेच होईल हे त्याला शिकवून जाते. त्यातही हौस हा शब्द टवाळीला विशेष धार देतो. कामावर गेलेला माणूस पडला तर निदान तोंडदेखली हळहळ मिळते. आनंदासाठी गेलेल्याला तीही मिळत नाही, जणू आनंद हाच एक अपराध आणि अपघात ही त्याची शिक्षा. ट्रोलिंग करणाऱ्यालाही त्याचे वेतन बहुधा मिळत नाही, तोही केवळ मौजेसाठीच लिहितो, आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन मानसशास्त्रीय अभ्यासात ट्रोलिंगच्या आवडीचा संबंध परपीडनात सुख मानण्याच्या प्रवृत्तीशी आढळला होता, हे लक्षात घेतले तर दोन हौशींपैकी कोणती समाजाने अधिक संशयाने पाहावी याचे उत्तर अवघड नाही. बचावकार्याचा खर्च कोणी सोसावा, उड्डाणतळाखालच्या गावकऱ्यांना होणाऱ्या धोक्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न मात्र टवाळी नव्हेत. ते रास्त आहेत आणि उडणाऱ्यांनी ते टाळू नयेत.

जल्पकांकडे दुर्लक्ष करावे हा सल्ला ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही त्यांच्यापुरता उत्तम आहे. कडक कायदा हवा म्हणणाऱ्यांनी ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ चे काय झाले ते आठवावे.

खऱ्या नावाच्या सक्तीचा आग्रह इतक्या थोडक्यात निकालात काढता येत नाही, कारण तो सज्जनांचा आग्रह आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे. बनावट खात्यांच्या झुंडी असतात, त्यांच्यामागे संघटित हात असतात, आणि निनावीपणाचा त्यांना उपयोग होतो हे कोणी नाकारणार नाही. तथापि ज्यांना शेकडो खाती चालवणे परवडते त्यांना शेकडो पडताळलेली नावे मिळवणेही परवडेल. सक्तीचा भार पडेल तो एकच खाते असलेल्या साध्या माणसावर. हा प्रयोग करून झालेला आहे. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पडताळणे बंधनकारक केले. 2011 मध्ये तेथील एका मोठ्या कंपनीच्या संगणकांवरून सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली, आणि 2012 च्या ऑगस्टमध्ये त्या देशाच्या घटनात्मक न्यायालयाने ही तरतूद एकमताने रद्द केली. बेकायदा मजकूर तिच्यामुळे लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, हेही न्यायालयाच्या विचारात होते. झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये एका जर्मन याचिका-मंचावरील पाच लाखांहून अधिक प्रतिक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा स्वतःच्या नावाने लिहिणारेच अधिक आक्रमक असल्याचे त्यांना आढळले. आपण नैतिक बाजूने बोलत आहोत अशी ज्याची खात्री असते त्याला नाव लपवण्याचे कारण वाटत नाही, उलट नावासकट बोलण्याने त्याची प्रतिष्ठा वाढते, असे त्यामागचे स्पष्टीकरण. इतके दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कौटुंबिक किंवा गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येक सदस्याचे नाव, क्रमांक आणि बहुधा मजलाही सर्वांना ठाऊक असतो, आणि तेथल्या भाषेच्या सौजन्याविषयी कोणी भाबडेपणाने बोलणार नाही.

त्याहून बोलके उदाहरण पालघरचे. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये तेथील दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरासाठी अटक झाली. एकीने मुंबईतल्या बंदविषयी लिहिले होते आणि दुसरीने ते केवळ पसंत केले होते. दोघीही आपापल्या नावाने वावरत होत्या, म्हणूनच त्या सापडल्या. पुढे श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी कलम 66अ घटनाबाह्य ठरवले, ते ज्या घटनांमुळे चर्चेत आले होते त्यांत ही प्रमुख. नाव उघडे असल्याचा फायदा येथे तक्रार करणाऱ्यांना झाला, लिहिणाऱ्याला नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना वापरकर्त्यांसाठी ओळख पडताळणीची ऐच्छिक सोय ठेवायला सांगितले आहे. ती ऐच्छिक आहे तोवर ठीक, पण सक्तीची करावी अशी मागणी करणाऱ्यांना पालघर आठवत नसावे, किंवा आठवूनही त्याचा अर्थ लागला नसावा. नाव उघडे करणे हे दोन्ही बाजूंना सारखे जड नसते. टवाळी करणाऱ्याला नावामुळे गमवावे लागते ते फार तर थोडे मित्र. चूक कबूल करणाऱ्याला मात्र विमा, परवाना, प्रशिक्षक म्हणून मिळणारे काम आणि घरच्यांची उडण्याला असलेली मूक संमती, हे सारेच पणाला लावावे लागते. सक्तीने जल्पक गप्प बसेल की नाही ही शंका आहे. उडणारा गप्प बसेल यात शंका नाही.

या कोंडीतून वाट कशी निघते हे विमानविश्वाला अर्ध्या शतकापूर्वी, फार महाग किंमत देऊन कळले. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरत असलेले टीडब्ल्यूए कंपनीचे विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व 92 जण मृत्युमुखी पडले. त्याच्या सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांनी त्याच नकाशाचा आणि त्याच परवानगीचा तसाच चुकीचा अर्थ लावला होता आणि ते थोडक्यात बचावले होते; आपली चूक त्यांनी आपल्या कंपनीत सांगितली, कंपनीने ती स्वतःच्या वैमानिकांना कळवली, पण इतरांपर्यंत ती गेली नाही. यानंतर अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, 1975 मध्ये चुका स्वेच्छेने कळवण्याची योजना आखली. परंतु दंड करणाऱ्याच्याच हाती कबुली देण्यास वैमानिक कचरले, म्हणून 1976 मध्ये ते काम नासा या त्रयस्थ संस्थेकडे सोपवण्यात आले. हौशी वैमानिकांनाही ही योजना खुली आहे. तिची रचना पाहण्यासारखी आहे. निवेदन करणारा आपले नाव आणि संपर्क एका पट्टीवर लिहून देतो. विश्लेषक आवश्यक वाटल्यास त्याला विचारून तपशील स्पष्ट करून घेतात. त्यानंतर ती पट्टी वेगळी करून त्यालाच परत पाठवली जाते, आणि निवेदन नावाविना सर्वांना वाचण्यासाठी उपलब्ध होते. दहा दिवसांच्या आत कळवलेल्या, हेतुपूर्वक नसलेल्या चुकीसाठी नियामक काही अटींवर दंड माफ करतो. अपघात आणि गुन्हा यांना मात्र ही सवलत नाही.

या रचनेत एक भेद दडलेला आहे, आणि सध्याच्या वादात दोन्ही पक्षांकडून तो निसटतो. निनावी असणे आणि नाव राखलेले असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. निनावी माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नसते, म्हणून त्याला कोणी प्रतिप्रश्न विचारू शकत नाही. राखलेले नाव एका ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळापुरते आणि ठरावीक कामासाठी ठाऊक असते, म्हणून तेवढ्या वेळात प्रतिप्रश्न विचारता येतो आणि नंतर बोलणारा सुरक्षित राहतो. जल्पकाला नेमका प्रतिप्रश्नच नको असतो, मग त्याचे नाव उघडे असो वा झाकलेले. त्याचे वाक्य उत्तर घेण्यासाठी रचलेलेच नसते. उलट चूक कळवणाऱ्याला प्रतिप्रश्न हवा असतो, कारण वारा कोठून होता, पंख कोणत्या बाजूने मिटला, ब्रेकची दोरी किती ओढली होती, हे कोणी विचारल्याखेरीज त्याच्या सांगण्याला उपयोगी रूप येत नाही. उघड्या नावाचे समर्थक आणि निनावीपणाचे समर्थक एकाच प्रश्नावर भांडत राहतात, की नाव दिसावे की दिसू नये. नाव कोणाजवळ असावे, हा प्रश्न दोघांनाही सुचत नाही.

नाव राखण्याने सारे सुटते असा दावा करता येणार नाही. 2021 मध्ये कॅलिफोर्नियात एकाने चित्रफितीसाठी आपले लहान विमान जाणूनबुजून हवेत सोडून पॅराशूटने उडी मारली आणि इंजिन बंद पडल्याचा बनाव केला; तो बनाव उघडकीस आणण्यात संशयी प्रेक्षकांचाही वाटा होता, आणि पुढे अवशेष नष्ट करून तपासात अडथळा आणल्याबद्दल त्याला कारावास झाला. प्रेक्षकांचा संशय दरवेळी टवाळीच असतो असे नाही, एवढे त्यावरून मान्य करावे लागते. तरीही त्यांतल्या उपयुक्त संशयाचे स्वरूप प्रश्नाचेच होते: दरवाजा आधीपासून उघडा का होता, पॅराशूट का बांधले होते.

महाराष्ट्रात ही रचना आणायची तर अडचण तंत्राची नाही, राखणदाराची आहे. पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या संस्था लहान आहेत, त्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत आणि शिकवण्याबरोबर पर्यटकांची उड्डाणेही विकतात. प्रतिस्पर्ध्याच्या विद्यार्थ्याची चूक त्यांच्या हाती पडणे म्हणजे जाहिरातीचे साधन हाती पडणे होय. शासनाकडे नाव द्यावे, तर परवानगी काढून घेण्याचा अधिकार त्याच हातात असतो, आणि 1975 च्या अमेरिकन वैमानिकांना वाटलेली भीती येथेही वाटेल. समाजमाध्यम कंपन्यांचे उत्पन्नच टवाळीने वाढणाऱ्या वर्दळीवर चालते. उरतात त्या ज्यांना उड्डाणात अभ्यासापलीकडे हितसंबंध नाही अशा संस्था, म्हणजे विमानविद्या किंवा हवामानशास्त्र शिकवणारे एखाद्या विद्यापीठाचे विभाग. त्यांपैकी एकाने वर्षभराच्या हंगामातल्या निसटत्या प्रसंगांची नोंद घ्यावी, नावे राखावी, प्रश्न विचारावे आणि पावसाळ्यात, उड्डाणे बंद असताना, ती निवेदने नावाविना मराठीतून प्रसिद्ध करावी. त्यासाठी ना कायद्यात बदल लागतो ना कोणाच्या नावाची सक्ती.