मनगटावरची मैत्री

संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ साली ३० जुलै हा मैत्रीदिन ठरवला. पण आमच्या पुंडलिकनगरातली पोरं त्याला कुठली जुमानायला! त्यांचा मुहूर्त ऑगस्टचा पहिला रविवार. फ्रेंडशिप बँडनी हात कोपरापर्यंत भरला की पोरगा श्रीमंत. दोनच असले की बिचारा. राखीचं एक बरं असतं, तिच्यामागे ओवाळणी असते, जबाबदारी असते. इथे नुसती मोजदाद!

पण गंमत बघा. आपल्या हातावर दिसतात ते मिळालेले बँड. आपण बांधलेले गेले दुसऱ्यांच्या हातांवर. मग मोकळ्या मनगटाचा पोरगा गरीब कशावरून? ज्याला कुणीच विचारलं नाही, त्याला बँड कदाचित यानेच बांधला असेल. मैत्रीचा हिशेब मांडायचाच, तर मनगट कुणाचं बघायचं?