आरे-वारेच्या माथ्यावरचं बेट

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना रस्ता आरे-वारेच्या डोंगरसोंडेवर चढतो आणि सगळ्या गाड्या तिथे थांबतात. खाली सुरूचं बन, दोन पुळणी आणि समुद्र. माणसं तिकडेच तोंड करून उभी राहतात, आणि का राहू नयेत! पण वरच्या अंगाला जांभ्याचा उघडा कातळ आहे. आमच्याकडे त्याला सडा म्हणतात. हवामानबदलाने बेटांवरच्या जीवांचं काय होतं, हे मला समुद्रापेक्षा सड्यावर जास्त नीट कळलं.

बेटाकडे बघण्याची विज्ञानाची दृष्टी दोनशे वर्षांत बरीच बदलली. 1835 साली डार्विन गालापागोस बेटांवर पोचला. तिथले मॉकिंगबर्ड पक्षी बेटागणिक वेगळे आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं. सागरी बेटांवर बेडूक जवळजवळ नसतात, हेही त्याने पुढे नोंदवलं. खाऱ्या पाण्यात बेडकाची अंडी टिकत नाहीत, मग तो पोचणार कसा? 1880 साली निसर्गअभ्यासक वॉलेसने बेटांवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि मुख्यभूमीपासून तुटलेली बेटं व तिला कधीच न जोडलेली सागरी बेटं यांची फोड केली. तोवर बेट म्हणजे नव्या जाती घडण्याची जागा होती. नवल होतं, चिंता नव्हती.

1967 साली मॅकआर्थर आणि विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी या नवलाला गणितात बसवलं. नवे जीव येत राहतात, जुने नाहीसे होत राहतात. किती टिकतील हे बेट केवढं आणि शेजारच्या भूमीपासून किती लांब, यावर ठरतं. या मांडणीने बेटाला पाण्यातून बाहेर काढलं. शेतांनी वेढलेलं रान, दऱ्यांनी वेढलेला माथा, हीसुद्धा बेटंच ठरली.

हवामानबदलाने त्या गणितातली एक बाजू उघडी पाडली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ब्रॅम्बल के नावाचं वाळूचं चिमुकलं बेट आहे, जेमतेम तीन मीटर उंच. तिथला मेलोमिस नावाचा उंदीर जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. भरतीच्या लाटांनी बेटावरची हिरवळ नेली, आणि 2019 साली ऑस्ट्रेलिया सरकारने तो उंदीर नामशेष झाल्याचं जाहीर केलं. हवाईत गोष्ट निराळी, पण गत तीच. तिथे माणसांनी आणलेल्या डासांमधून पक्ष्यांचा हिवताप पसरला. स्थानिक पक्षी तगले ते डोंगरावरच्या थंड रानात. आता ऊब वाढते तसे डासही वर चढतात, आणि पक्ष्यांच्या डोक्यावर आणखी डोंगर उरलेला नाही. बुडणं हा बेटावरच्या मरणाचा फक्त एक प्रकार. सरकायला जागा नसणं, हे त्याचं मूळ.

आता सडा पाहा, तोही एक बेटच. पावसाळ्यात बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. सीतेच्या आसवांची फुलं नाजूक निळी, पण झाड मांसाहारी: मातीत नत्र फार कमी असल्यामुळे ते पाण्यातले सूक्ष्म जीव लहानशा पिशव्यांत पकडून पोट भरतं. पहिल्या पावसाबरोबर कांद्यातून वर येणारी कोकण दीपकाडी ही तर कोकणच्या सड्यांचीच. सुट्या दगडाखाली एक लहानशी पाल राहते, अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेली. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस या नावाने 1963 साली शास्त्राला ती ठाऊक झाली आणि ती दक्षिण कोकणाबाहेर सापडत नाही. मे महिन्यात उघड्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. त्या तव्यावर तिचं जगणं एका दगडाच्या सावलीवर उभं आहे.

या सगळ्यांचं घड्याळ पावसाला बांधलेलं. 2025 साली मोसमी पाऊस 25 मेलाच तळकोकणात उतरला. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे खरं. पण पाऊस लवकर येऊन मध्येच दडी मारू लागला, तर बोटभर माती काही दिवसांत वाळते, आणि एका पावसात बी धरून मरणाऱ्या रोपाला दुसरी संधी नसते. सरकायचं तर कुठे? पश्चिमेला कडा आणि समुद्र, पूर्वेला बागा, वाड्या, दऱ्या. सह्याद्रीचे उंच सडे लांब आहेत, आणि पाल काही एवढी मजल मारत नाही. तिला हवा लगतचा सडा.

तो लगतचा सडा आपण फोडतो आहोत. महसुली दप्तरात तो बहुधा पडीक. चिरेखाणी होतात, सुरुंग लावून खड्डे पाडतात, माती भरून हापूस लावतात, सुटे दगड वेचून गडगे घालतात. म्हणून एखाददुसरा सडा राखून भागणार नाही, सड्यांची साखळी राखावी लागेल, असं मी आग्रहाने म्हणतो. कोकणातल्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यामुळे काही सड्यांकडे लक्ष वळलं हे चांगलंच झालं. मात्र कुंपण चित्राभोवती पडतं. पालीचे दगड कुंपणाबाहेर राहतात. शिवाय बरेचसे सडे खासगी मालकीचे आहेत. ज्याच्या सातबाऱ्यावर निव्वळ कातळ आहे त्याने बागेचं स्वप्न पाहू नये, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? कातळ न फोडल्याबद्दल त्याच्या हातात काही पडेल अशी सोय आधी करायला हवी, आणि ती बोलणी गावच्या ग्रामसभेतच सुरू व्हायला हवीत.